रांगेतले सर

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीपुढे मी सरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते कुठेच निघालेले नव्हते.

मला अर्थातच हे माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागे उभा होतो. दुसऱ्या दिवशी इथल्या कॉलेजात अर्थशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून मला रुजू व्हायचं होतं, आणि रुजू होण्याआधीच शनिवारचं पुण्याचं तिकीट काढून ठेवावं म्हणून मी रांगेत लागलो होतो. यावरून माझी अध्यापनावरची निष्ठा लक्षात यावी. माझ्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. पांढरा बुशशर्ट, काखेत छत्री, पायांत रबरी चपला. ते अगदी मन लावून उभे होते. रांगेत मन लावून उभा राहिलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. रांग बराच वेळ हलली नाही, मग जरा हलली, मग खिडकीतला माणूस चहाला गेला, मग आला. शेवटी एकदाचा गृहस्थांचा नंबर लागला.

"कुठे?" खिडकीतून आवाज आला.

"कुठेच नाही," गृहस्थ म्हणाले. "चालू द्या तुमचं."

आणि ते बाजूला झाले. मला हाताने खिडकी दाखवून, "या, या, तुमचा नंबर," असं आग्रहाने म्हणाले आणि छत्री सावरत निघून गेले. असल्या लोकांमुळेच हा देश मागे राहिला, असं मी मनातल्या मनात इंग्रजीत म्हणालो. त्या काळी देशाविषयीचे विचार मी इंग्रजीतच करत असे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. अर्थशास्त्र विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एक न उघडणारं कपाट आणि एक हातांची खुर्ची. त्या खुर्चीत कालचे गृहस्थ बसले होते. मला पाहून ते चटकन उठून उभे राहिले. "मिळालं का तिकीट?" त्यांनी विचारलं. तेच आमचे विभागप्रमुख. विभागात तोवर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे ते स्वतःचेच प्रमुख होते. आता त्यांना प्रजा मिळाली.

सरांचा जिव्हाळ्याचा विषय जागतिक दारिद्र्य. मी तो विषय जाडजाड पुस्तकांतून मिळवला होता आणि तो मला येतो याची मला खात्री होती. केंद्र आणि परीघ, विषम विनिमय, परावलंबन, सगळे शब्द माझ्याकडे नव्या कोऱ्या भांड्यांसारखे मांडून ठेवलेले होते. सरांकडे एकच वाक्य होतं. "गरिबी म्हणजे खिशात किती नाही ते नव्हे. गरिबी म्हणजे दुसऱ्यासाठी किती थांबावं लागतं ते. जो दुसऱ्याला थांबवू शकतो तो श्रीमंत, ज्याला थांबावं लागतं तो गरीब. बाकी सगळं परिशिष्ट."

हे 'बाकी सगळं परिशिष्ट' ऐकून पहिल्या आठवड्यात मला फार राग आला, कारण मी दोन वर्षं घोकलेलं सगळं त्यात गेलं होतं.

वर्गात ते हेच वाक्य घेऊन जग फिरून यायचे. कर्ज मागायला गेलेल्या देशाचा अर्थमंत्री वॉशिंग्टनला बाहेरच्या खोलीत बसतो. सर तो बसून दाखवायचे. टेबलाच्या कडेला, छत्री मांडीवर, चेहऱ्यावर बळेच आणलेलं हसू. मग त्याला आत बोलावतात आणि सांगतात, आधी तुमचं चलन स्वस्त करा, रेशनवरचा खर्च कमी करा, मग पाहू. तो बिचारा घरी येतो आणि आपल्या माणसांना रांगेत उभं करतो. "तर मुलांनो, ही रांग वॉशिंग्टनला सुरू होते आणि आपल्या उरण नाक्यावरच्या रॉकेलच्या दुकानापाशी संपते. मधे कुठे तुटत नाही. शंका असेल त्याने जाऊन शेवटून मोजावी." परकीय मदतीबद्दल ते म्हणायचे, "रांगेतला पुढचा माणूस मागच्याला पाणी देतो. पाणी देतो हं, जागा देत नाही."

एकदा मी त्यांना पकडलं असं मला वाटलं. बाजारात जवळच्या नेरे गावाकडून भाजी घेऊन आलेल्या बायकांकडे बोट दाखवून ते मला सांगत होते की, बघा, व्यापारी नुसता चहा पीत बसलाय. त्याला घाई नाही. यांची मेथी दुपारनंतर मान टाकणार, म्हणून यांना घाई. भाव तो ठरवणार, कारण तो थांबू शकतो. कोको, कॉफी, केळी पिकवणाऱ्या देशांचं हेच. मी लगेच म्हणालो, "सर, काल तुम्ही म्हणालात गरिबाला थांबावं लागतं. आज म्हणताय गरिबाला थांबता येत नाही. एक काहीतरी ठरवा."

मला वाटलं सर गप्प होतील. ते इतके खूश झाले की त्यांनी भर बाजारात माझा हात धरून हलवला. "दोन्ही! दोन्ही खरं! जिथे थांबायचं नसतं तिथे थांबवून ठेवतात, आणि जिथे थांबण्यात फायदा तिथे थांबू देत नाहीत. थांबण्यावर आपली मर्जी नसणं, हीच तर गंमत आहे सगळी. हे तुमच्याच नावावर घालतो मी." माझ्या आयुष्यातलं अर्थशास्त्राला झालेलं एवढंच योगदान, आणि तेही मी सरांना अडवायला गेलो म्हणून.

सिद्धान्त असला की माणूस तो पुस्तकात ठेवतो. सर तो अंगावर घालून फिरायचे. पहिली गोष्ट म्हणजे ते रांगांत उभे राहायचे. गॅसच्या, रेशनच्या, विजेच्या बिलाच्या, सरकारी दवाखान्याच्या. कोण किती वेळ उभा आहे, कोणाची रोजंदारी बुडाली, कोणाला न थांबता आत सोडलं, हे बघायचं आणि खिडकी आली की बाजूला व्हायचं. त्यांना काही घ्यायचं नसे. आरक्षणाच्या खिडकीतल्या माणसाने त्यांना ओळखून ठेवलं होतं. "आले का सर? कुठेच नाही ना? बरं," असं तो स्वतःच म्हणायचा आणि पुढच्याला हाक मारायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे, आपण कोणाला थांबवायचं नाही, हे त्यांचं व्रत. वर्गात ते मुलांच्या आधी जाऊन बसत. लग्नाला गेले तर मांडववाल्यांच्या बरोबर पोचत. रिक्षात बसायच्या आधी पैसे देऊन टाकत. त्यांनी घरी बोलावलं की आपण कडी वाजवायच्या आत दार उघडायचं, कारण सर दारामागेच उभे असत, आणि चहा टेबलावर आधीच ओतून ठेवलेला असे.

"कोणाला थांबवायचं नाही म्हणून सगळ्यांना गार चहा," काकू म्हणायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. "आणि आमच्या घरचा गॅसचा नंबर मी लावते बरं का. हे उभे असतात ते दुसऱ्यांच्या रांगेत."

उरणच्या वाटेवरच्या गव्हाणची एक मुलगी आमच्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची, कमी बोलायची. वडील खाडीत होडी घालायचे. तिची उरणची गाडी पाचला सुटायची, आणि ती चुकली की मग दिवेलागणीनंतरच. शेवटचा तास सरांचा. ती गाडी चुकू नये म्हणून सर पावणेपाचला वाक्याच्या मध्यावर थांबत. खरोखर मध्यावर. "आणि म्हणून श्रीमंत राष्ट्रं आपल्या शेतकऱ्याला... चल, पळ तू. उरलेलं वाक्य उद्या." उद्या ते बरोबर तिथूनच सुरू करायचे. मुलांच्या वह्यांत वाक्यं अशी दोन-दोन तारखांना विभागून लिहिलेली असत.

मला सरांनी पहिल्याच महिन्यात क्षेत्रीय अभ्यासाला धाडलं. हातात पत्र्याचा डबा देऊन रॉकेलच्या रांगेत. मी पुण्याहून आणलेले बूट घातले होते. उन्हात तासभर उभं राहिल्यावर मला एकदम सुचलं की हीच ती परिघावरची जनता, आपण यांना काहीतरी सांगितलं पाहिजे. मी मागे वळून जागतिक तेलाच्या किमतींवर बोलायला लागलो. शब्द चांगले जमत होते. तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि मी सरकलो नाही.

"ओ मास्तर," मागची बाई म्हणाली, "भाषण मंग करा, डबा पुढं सरकवा आदी."

"नाय सरकवत ना? मंग व्हा बाजूला," तिच्या मागची म्हणाली, आणि दोघींनी मिळून मला परिघाच्याही बाहेर काढलं. सरांना सांगितलं तर ते गंभीर होऊन म्हणाले, "चांगलं झालं. आता तुम्हाला निदान एक संज्ञा कळली."

आता खरी गोष्ट.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. बाजार खुला झाला, जग जवळ आलं, असं रोज पेपरात यायचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला एक पत्रक दिसलं. युरोपातल्या एका शहरात जागतिक दारिद्र्यावर परिषद होती. देशाचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्या वकिलातीशी माझं आता काही वैर उरलेलं नाही. गरीब देशांतल्या अभ्यासकांकडून निबंधांचे गोषवारे मागवले होते. विमानाचं भाडं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे. मी ते पत्रक खिशात घातलं. सरांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

माझ्या गोषवाऱ्यात सगळे थोर विचारवंत होते. मग थोडी लाज वाटून मी सरांनाही सुचवलं. त्यांनी मराठीत एक पान लिहून दिलं, त्याचं इंग्रजी मी केलं. त्या एका पानात पनवेलचं रेशन दुकान, सरकारी दवाखाना आणि वॉशिंग्टनची बाहेरची खोली एवढंच होतं. मला ते फार उघडंबागडं वाटलं म्हणून मी त्यात तीन ठिकाणी 'पॅराडाइम' घातलं. सरांनी तिन्ही ठिकाणी समासात 'म्हणजे काय?' असं लिहून कागद परत केला. मला सांगता येईना. तिन्ही काढले.

महिन्या-दोन महिन्यांनी दोन पत्रं आली. मला 'आभारी आहोत' असं कळवलं होतं. सरांना 'या' असं कळवलं होतं.

खोटं कशाला सांगू, दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सर आठवडाभर परदेशी जाणार म्हणजे तो आठवडा मी प्रभारी विभागप्रमुख. हातांची खुर्ची माझी. मग मात्र सरांना पाठवण्याच्या कामात माझ्याइतका उत्साह कोणालाच नव्हता.

सर महाराष्ट्राबाहेर कधी गेले नव्हते. वीस-पंचवीस वर्षं ते घाना, बोलिव्हिया, बांगलादेश शिकवत होते, आणि त्यांनी पाहिलेला सगळ्यात लांबचा देश म्हणजे सातारा. पत्र आल्यावर ते बदलले. एकदा जिन्याखालच्या खोलीत मला म्हणाले, "तुम्हाला सांगतो, मला तिथे फार बोलायचं नाही. हे अहवाल लिहिणारे लोक असतात ना, दिवसाला अमुक डॉलरच्या खाली तो गरीब वगैरे, त्यांना समोर बसवून एवढंच विचारायचंय की त्यात आमचं थांबणं कुठे धरलंत? एवढं विचारलं की झालं माझं." काही हवं असलेले सर मी प्रथमच पाहत होतो.

पनवेलकर मागे राहतात थोडेच? व्हिसाचा अर्ज भरायच्या आधीच कॉलेजने सत्कार उरकून घेतला. शाल, नारळ, प्राचार्यांचं भाषण. सर 'मुलांना कशाला ताटकळत ठेवता' म्हणत होते, पण प्राचार्य पाऊण तास बोलले. एका स्थानिक साप्ताहिकात 'पनवेलचा आवाज युरोपात' असा मथळा आला. काकूंच्या बहिणीने स्वेटर विणला. तो मेमध्ये विणून झाला आणि सरांनी तो मेमध्येच घालून पाहिला.

आणि मग बातमी आली की वकिलातीत बँकेचं पासबुक दाखवावं लागतं. माणूस परत येईल इतकी त्याची ऐपत आहे की नाही, ते त्यावरून ठरतं म्हणे.

सरांचं पासबुक काकूंनी मला दाखवलं. पगार पहिल्या तारखेला यायचा आणि जरा टेकल्यासारखं करून निघून जायचा. हे पासबुक पाहून कोणत्याही देशाने दार लावून घेतलं असतं. तेव्हा मला कल्पना सुचली. कॉलेजातल्या सगळ्यांनी मिळून सरांच्या खात्यात आठ दिवसांपुरते पैसे भरायचे. व्हिसा झाला की जो तो आपापले परत घेणार. सरांना सांगायचं नाही, कारण ते ऐकणार नाहीत. काकूंना सांगायचं.

पनवेलमध्ये असल्या कामाला माणसं कमी पडत नाहीत. प्राचार्यांनी दिले, शिपायाने दिले, कँटीनवाल्याने दिले, झेरॉक्सवाल्याने 'माझ्याकडून सरांच्या विमानाला धक्का' म्हणून दिले. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक, बँकेत रांग लावून भरले. मी रांगेच्या तोंडाशी अर्थमंत्र्यासारखा उभा होतो. संध्याकाळी पासबुक इतकं भारदस्त दिसू लागलं की काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच महिन्यात मी वर्गात 'गरम पैसा' शिकवला होता. परदेशातून पैसा एकदम येतो, देश श्रीमंत दिसायला लागतो, जरा खुट्ट झालं की तोच पैसा एकदम निघून जातो, आणि मेक्सिकोसारखा देश हात चोळत बसतो. शिकवला होता, म्हणजे मला कळला होता असा त्याचा अर्थ नाही.

व्हिसाच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही मुंबई गाठली. आदल्या दिवशी पावणेपाचला सरांनी नेहमीप्रमाणे वाक्य अर्धं सोडलं होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. वकिलातीबाहेर फुटपाथवर रांग होतीच. सर तिच्यात जाऊन उभे राहिले. पण आज मन लावून नव्हते. सारखी बॅग चाचपत होते, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून बघत होते. आत फक्त अर्जदाराला सोडत, म्हणून मी समोरच्या झाडाखाली काकूंचा डबा घेऊन बसलो. बसल्या बसल्या मी खुर्चीला नवी उशी करून घेण्याचाही विचार केला.

दुपार कलल्यावर सर बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"चला, गाडी मिळेल," ते म्हणाले.

एस.टी.त बसल्यावर, चेंबूर मागे पडल्यावर त्यांनी सांगितलं. काचेपलीकडच्या साहेबाने पासबुक उघडलं आणि विचारलं की मागच्या आठवड्यात एका दिवसात ही एवढी रक्कम कुठून आली. सरांनी पासबुक हातात घेतलं. त्यांनी ते तोवर पाहिलंच नव्हतं. "आधी मला काही कळेना हो. मग बघतो तर सगळं एका तारखेचं. छोट्या छोट्या रकमा. आणि माझ्या एकदम लक्षात आलं. म्हटलं, अरे, हा तर गरम पैसा!"

"तुम्ही हे त्याला सांगितलंत?"

"मग? त्याने विचारलं होतं. मी सांगितलं, साहेब, हे अल्पमुदतीचं भांडवल आहे. माझ्या सहकाऱ्यांनी तुमचा माझ्यावर विश्वास बसावा म्हणून आणून ठेवलंय, आणि व्हिसा मिळाला की परत जाईल. तुमच्याकडच्या बँका आमच्या देशांशी हेच करतात. फरक इतकाच की माझे सहकारी माझं भलं चिंततात." सरांनी पासबुक बॅगेत सारलं. "त्याने अगदी लक्ष देऊन ऐकलं. चांगला विद्यार्थी झाला असता. मग त्याने नकाराचा शिक्का मारला."

मी डोकं धरलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचा धनी मीच होतो. "सर, माझं चुकलं. सगळं माझ्यामुळे."

"छे! ते जुनं पासबुक पाहून तर त्याने मला आतच घेतलं नसतं. तुमच्यामुळे निदान पाच मिनिटं बोलायला मिळालं." मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. वाशीचा पूल आला. खाडीला ओहोटी होती. तिकडे तोंड करूनच ते म्हणाले, "इतक्या खिडक्यांपाशी गेलो, पण मला कधी काही हवंच नसायचं. खिडकी बंद झाली म्हणजे कसं वाटतं, ते मी आपला दुसऱ्यांच्या तोंडांवरून लिहीत होतो." पनवेल आलं. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. सकाळी नाही, दुपारी नाही. काकूंकडे शिपाई पाठवला तर त्या म्हणाल्या, छत्री घेऊन गेलेत. शेवटच्या तासाची घंटा झाली आणि वर्गात सर आधी जाऊन बसलेले नाहीत, असं त्या कॉलेजात पहिल्यांदा घडलं. बातमी मुलांना कळलीच होती. वर्गात गेलो आणि प्रभारी विभागप्रमुखाच्या आवाजात सांगितलं, "आज सर येणार नाहीत. तुम्ही जाऊ शकता."

कोणी उठलं नाही. माझ्या शब्दाला त्या वर्गात किती वजन होतं ते मला ठाऊक होतंच, तरी मी पुन्हा सांगितलं. पुन्हा कोणी उठलं नाही. एरवी दहा मिनिटं मास्तर दिसला नाही की हीच मुलं खिडकीतून उड्या टाकून पसार व्हायची. शेवटी मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. मला शिकवायला कोणी सांगितलं नाही. पावणेपाच झाले. मी गव्हाणच्या मुलीकडे पाहिलं. ती वही उघडून, पेन हातात घेऊन फळ्याकडे बघत बसली होती. पाच वाजून गेले.

साडेपाचच्या सुमारास दारात छत्री दिसली, मग सर दिसले. विभागात काहीतरी विसरलं होतं म्हणून आले होते, आणि वर्गात दिवा दिसला म्हणून डोकावले होते. आख्खा वर्ग बसलेला पाहून ते तिथेच थबकले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. वकिलातीतून बाहेर पडतानाही तो इतका उतरला नव्हता.

"मी तुम्हाला इतका वेळ थांबवून ठेवलं?" ते म्हणाले. "मी तिकडे स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो नुसता. आज रांगेत उभं राहवेना. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का जायला?"

"मी सांगितलं होतं," मी मागून म्हणालो. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सरांची नजर पहिल्या बाकावर गेली. "आणि तुझी गाडी?"

"गेली सर."

"अगं, मग!"

"आमाला कोणी थांबवलं नाय सर," ती उभी राहून म्हणाली. आधीच कमी बोलणारी, त्यात सगळा वर्ग ऐकत होता, तिचे कान लाल झाले. "ते सर तर जा म्हणाले. आमी आमच्या मनानं बसलोय. तुमचं वाक्य अर्धं ऱ्हायलंय."

सर व्यासपीठाच्या कडेवर हळूच बसले. छत्री मांडीवर घेतली. अर्थमंत्री दाखवताना बसायचे तसेच, पण हसू बळेच आणलेलं नव्हतं, ते आपलं आपण येत होतं. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायचेच राहून गेले.

"हे माझ्या निबंधात नाही," ते म्हणाले. "कोणी न थांबवता माणूस दुसऱ्यासाठी थांबतो, हे मी धरलंच नव्हतं. बरं झालं पाठवलं नाही मला. अपुरा होता."

मग ते उठले, खडू घेतला आणि परवाचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे शिकवायला लागले. ते वाक्य कशाबद्दल होतं ते मला आठवत नाही. मी तेव्हा मागच्या बाकावर रुमाल शोधत होतो.

तास संपला तोवर अंधारून आलं होतं. फाट्यापासून गावापर्यंत मुलीला एकटीला चालत जावं लागणार, म्हणून सर तिच्याबरोबर निघाले, आणि खुर्चीत बसण्याची सगळी हौस फिटल्यामुळे मीही निघालो. स्टँडवर उरणच्या गाडीला ही रांग. आम्ही तिघं शेवटी उभे राहिलो. सर पुन्हा मन लावून उभे होते. गाडी लागली, हळूहळू पुढे सरकत आम्ही दारापाशी आलो. कंडक्टरने सरांना पाहिलं. स्टँडवरच्या सगळ्यांप्रमाणे तोही त्यांना ओळखत होता.

"काय सर, कुठेच नाही ना?" तो हसून म्हणाला, आणि मागच्याला वाट द्यायला हात पुढे केला.

"गव्हाण," सर म्हणाले. "तीन द्या."